मुख्य खातं कुठे ठेवावं? गल्लीतली सहकारी बँक की लांबची सरकारी?

कृष्णाकाठचा – ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. बाबा गेल्या महिन्यात कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून साधारण ३४ लाख आले आहेत. आमच्या घरात एवढे पैसे एकदम कधी आलेले नाहीत, त्यामुळे आनंदापेक्षा धसकाच जास्त आहे.

बाबांचं गेली ३१ वर्षं एकच खातं आहे, घरापासून चार मिनिटांवरच्या सहकारी बँकेत. पगार तिथेच, माझ्या शिक्षणाचं कर्ज तिथलंच, आईचं लॉकरही तिथेच. बाबा तिथले सभासद आहेत, दरवर्षी सर्वसाधारण सभेला जातात (अल्पोपाहारासाठी, असं आई म्हणते). २०१९ च्या पुरात आम्ही मामाकडे मिरजेला होतो, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी स्वतः फोन करून "पाणी घरात आलं का?" असं विचारलं होतं. बाबा ते अजून विसरलेले नाहीत.

आता बाबांचं म्हणणं, सगळे पैसे तिथेच एफडीत टाकायचे. मोठ्या बँकांपेक्षा अर्धा टक्का जास्त मिळतो. माझं म्हणणं, मुख्य खातं एखाद्या मोठ्या सरकारी बँकेत हलवावं. तिची शाखा साडेतीन किलोमीटरवर आहे आणि तिथे पासबुक भरायचं मशीन कायम बंद असतं, हे मान्य. त्यात मामांनी तिसरंच काढलंय, की ओळखीच्या पतसंस्थेत १० टक्के मिळतील.

मी पुण्यात, बाबा सांगलीत. फोनवर दोनदा वाजलंय. तुम्ही काय केलं असतं?

उंडगा

सहकारी बँकेत ३४ लाख? त्यापेक्षा आयर्विन पुलावरून कृष्णेत टाका, निदान पुण्य तरी लागेल. सहकार म्हणजे सगळी संचालकांच्या मेहुण्यांची सोय.

सुमेधा_ठाणे

@उंडगा, सरसकट असं बोलू नका हो. कॉसमॉस १९०६ ची आहे, सारस्वत १९१८ ची. शंभर वर्षं काय मेहुण्यांवर चालल्या? आणि खाजगी बँका काय धुतल्या तांदळाच्या आहेत? मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आलेच होते, खात्यातून फक्त ५० हजार काढायची मर्यादा होती.

उंडगा

आली होती, आणि १३ दिवसांत उठलीसुद्धा, कारण स्टेट बँकेला पुढे केलं. रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना गेला. साडेनऊ वर्षं! मोठी बँक बुडायला लागली की दिल्लीत धावपळ होते. लहान बँक बुडायला लागली की फक्त शाखेबाहेर रांग लागते. मला एवढंच म्हणायचं होतं, मेहुणे मागे घेतो.

जमाखर्च

कृष्णाकाठचा, मी सहकारी बँकेतच ३४ वर्षं काढली, शेवटची नऊ शाखा व्यवस्थापक म्हणून. त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे असं आधीच धरून चाला.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. पैसे कुठून ये-जा करतील हा एक, आणि पैसे कुठे मुक्काम करतील हा दुसरा. लोक दोन्हींचं उत्तर एकाच बँकेत शोधतात आणि तिथेच फसतात.

आधी मुक्कामाचं बघू. ठेवींवर डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव-विमा महामंडळाचा) विमा असतो. १९९३ पासून तो १ लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा झाला. हे ५ लाख एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा धरून, बचत, एफडी, आवर्ती सगळं मिळून, आणि व्याज धरून. "व्याज धरून" हे लोक वाचतच नाहीत. साडेसात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने ३ लाख ४० हजार पाच वर्षांसाठी ठेवलेत की मुदतीअखेर ४ लाख ९३ हजार होतात. म्हणजे पाच वर्षांच्या एफडीत ३ लाख ४० हजारांच्या वर गेलात की शेवटी शेवटी विम्याच्या बाहेर डोकं निघतं. त्यात बचत खात्यातली शिल्लक आणखी मिळवायची.

आता बाबांचा अर्धा टक्का. ३४ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला १७ हजार, महिन्याला चौदाशे. त्यासाठी २९ लाख विम्याबाहेर ठेवायचे का, एवढाच हिशोब आहे. बँक चांगली आहे की वाईट, हा प्रश्न त्यात येतच नाही. मॅनेजरसाहेब देवमाणूस असले तरी हिशोब तोच राहतो.

शेवगा

पण काका, बँक चांगली आहे का हे बघायला अहवाल असतो ना? निव्वळ एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, ३ टक्क्यांच्या आत असला की झालं, असं ऐकलं होतं.

जमाखर्च

अहवाल बघावाच. भांडवल पर्याप्तता किती, ढोबळ एनपीए किती, निव्वळ (बुडीत कर्जांसाठी बाजूला काढलेली तरतूद वजा करून) किती, ऑडिट वर्ग कोणता, कर्जं कोणत्या धंद्यांना दिलीत. ढोबळ १५ टक्के आणि निव्वळ २ असेल तर तरतूद करून झाकलंय हे समजावं. (तरतूद करणं चांगलंच, पण मुळात एवढी कर्जं थकली कशी?)

पण आता कटू सांगतो. पीएमसी बँकेने मार्च २०१९ ला ढोबळ एनपीए ३.७६ टक्के दाखवला होता. अहवाल गुळगुळीत होता, नफा होता, लाभांश होता. सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबरला, ३५अ कलमाखाली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागले. कर्जांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती हजारो खोट्या खात्यांआड लपवली होती. लेखापरीक्षकाला दिसलं नाही, रिझर्व्ह बँकेला दिसलं नाही. तुमच्या-माझ्या डोळ्यांना अहवालात काय दिसणार? या वर्षी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हचंही तेच. तिजोरीतली १२२ कोटींची रोकड जागेवर नाही हे कोणत्या अहवालात छापलं होतं?

वाईट बँक अहवालात ओळखू येते. लबाड बँक ओळखू येत नाही.

मांडवी

आमच्या गोव्यात २०२० मध्ये म्हापसा अर्बनचा परवाना गेला, २०२१ मध्ये मडगाव अर्बनचा. दोन्ही घरोघरीच्या बँका. "आपली" बँक म्हणून कोणी विचारच केला नव्हता.

चहाबिस्कीट

लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. लिहिते.

माझं मुख्य खातं अशाच एका बँकेत होतं. नाव सांगत नाही, वर्षही सांगत नाही, वर्षावरून नाव कळेल. सगळे एफडी अडकल्याचं बोलतात. एफडी अडकली तर दुःख होतं, पण दुसऱ्या दिवशी दूध येतं. मुख्य खातं अडकलं की दूधही येत नाही.

काय काय झालं सांगते. घराचा हप्ता दुसऱ्या बँकेचा होता, तो या खात्यातून कापला जायचा. तो परत गेला, दंड लागला आणि सिबिल पडला तो वेगळाच. म्युच्युअल फंडाची एसआयपी परत गेली. सोसायटीला दिलेला चेक परत आला, सेक्रेटरींनी समजून घेतलं हे नशीब. सगळ्यात वाईट म्हणजे ऑफिसात खातं बदलायचा अर्ज मी दिला, पण त्या महिन्याची यादी आधीच गेली होती. म्हणजे बँक बंद आहे हे माहीत असताना १ तारखेला माझा पगार त्याच खात्यात जाऊन बसला. स्वतःच्या डोळ्यांनी मेसेज बघितला, "जमा". काढता मात्र येईना.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. वैद्यकीय कारणासाठी जास्त रक्कम काढता येते, पण त्यासाठी हॉस्पिटलचं कोटेशन, डॉक्टरांचं पत्र, अर्ज. ते फॉर्म भरताना मी पहिल्यांदा काउंटरवर रडले. समोरची मुलगीही रडत होती, तिचाही पगार तिथेच होता.

पैसे शेवटी मिळाले. पाच लाखांच्या आतले होते.

कृष्णाकाठचा

@चहाबिस्कीट, लिहिलंत त्याबद्दल आभार. हप्ते आणि पगाराचा विचार मी केलाच नव्हता. फक्त एफडीचा करत होतो.

जमाखर्च

आता थोडं बरं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यावे लागतात, परवाना रद्द व्हायची वाट बघावी लागत नाही. त्यासाठी बँकेत संमतीचा फॉर्म, केवायसी आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर द्यावा लागतो. ज्यांचं दुसरं खातंच नसतं ते तिथे अडकतात. म्हणून दुसरं खातं हवंच, हजार रुपये ठेवून का होईना. पण ९० दिवस म्हणजे तीन हप्ते, तीन किराणे. चहाबिस्कीट म्हणतात ते खरं, ये-जा करायचं खातं थांबणं वेगळं.

बांधावरून

आमाला कोन विचारतंय कुटलं खातं पायजे म्हनून. पीककर्ज गावच्या विकास सोसायटीतनं, सोसायटीचं पैसं जिल्हा बँकेत, म्हनून खातं जिल्हा बँकेत. वेळेत फेडलं की ३ लाखापर्यंत व्याज लागत न्हाई, मग सोडतो कशाला? नोटाबंदीत सोळा सालच्या नोव्हेंबरात आठवड्याच्या आतच जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली. घरात नोटा हुत्या आनि बँक घेत न्हवती. तवापास्नं मी तालुक्याच्या गावाला सरकारी बँकेत एक खातं उघडलं. ऊसबिल तिकडं, कर्ज इकडं. दोन डगरींवर पाय ठिवू नये म्हनत्यात, पर हितं ठिवावाच लागतोय.

एडिसनकर

इथे अमेरिकेत बरेच जण मुख्य खातं क्रेडिट युनियनमध्ये ठेवतात. साधारण आपल्या पतसंस्थेसारखंच, सभासदांच्या मालकीचं. फरक एवढाच की तिथल्या ठेवींना एनसीयूए या सरकारी यंत्रणेचं अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं, बँकांइतकंच. त्यामुळे इथल्या अनुभवावरून "पतसंस्थाही चांगली असते" असं मी सांगायला गेलो तर ते चुकीचं ठरेल.

सुमेधा_ठाणे

बरं झालं पतसंस्थेचा विषय निघाला. @कृष्णाकाठचा, मामांना नम्रपणे नाही म्हणा. पतसंस्थेच्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नाही, एक रुपयाचाही नाही. रिझर्व्ह बँकेचा तिच्याशी संबंध नाही. राज्यातली असेल तर सहकार खात्याचे निबंधक, मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) असेल तर दिल्लीतले केंद्रीय निबंधक. पाटी बँकेसारखी, काउंटर बँकेसारखे, पासबुक बँकेसारखं, आणि पिग्मी एजंट रोज दारात येतो म्हणून ती घरातलीच वाटते. डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे. तिथे नाव नसेल तर ती बँक नाही.

माझ्या सासऱ्यांची अशाच एका मल्टिस्टेटमध्ये रक्कम आहे. "आहे" म्हणायचं आपलं. चार वर्षं झाली.

पासबुक

सगळे सहकारी बँकांच्या मागे लागलेत, थोडं खाजगी बँकांबद्दल. माझ्या आईने मोठ्या खाजगी बँकेत (नाव नको) पैसे टाकले. तिसऱ्या दिवशी सुटाबुटातला मुलगा घरी. "आजी, आजी" करत एफडीपेक्षा चांगली योजना म्हणून सही घेतली. निघाली विमा पॉलिसी, वर्षाला २ लाख, दहा वर्षं भरायचे! आईचं वय ७१. सुदैवाने कागद आल्या आल्या मी बघितले. ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते, तशी केली. तरी शाखेत चार चकरा आणि "मॅडम, आजीच म्हणाल्या होत्या" हे ऐकावं लागलं.

बाबांच्या खात्यात ३४ लाख दिसले की कुठल्याही बँकेतून असा फोन येणार. सरकारी असो की खाजगी. त्यांना आधी सांगून ठेवा.

शेवगा

सरकारी बँकेचा मला एकच त्रास, जेवणाची वेळ. बाकी या वर्षी कॅनरा, बडोदा, पंजाब नॅशनल, इंडियन अशा बऱ्याच जणांनी किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड काढून टाकला. स्टेट बँकेने तर २०२० मध्येच काढला होता. ज्येष्ठांच्या जास्तीच्या खात्याला हे महत्त्वाचं आहे, नाहीतर विसरलेलं खातं हळूहळू खाल्लं जातं.

जमाखर्च

एक गोष्ट राहिली. बाबा साठीचे झाले असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना. सध्या ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख, पोस्टात किंवा सरकारी बँकेत. दर तिमाहीला व्याज खात्यात येतं. २० लाख टाकले तर तिमाहीला ४१ हजार. यात केंद्र सरकारचीच हमी आहे, ५ लाखांची भानगड नाही. म्हणजे अर्धा टक्का जास्त मिळवायला सहकारी बँकेत जायची गरजच उरत नाही. वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, पुढे मोडली तर दीड किंवा एक टक्का कापतात, एवढं ध्यानात ठेवा.

आणि ईपीएसचं (पीएफसोबतच्या योजनेचं) पेन्शन या जानेवारीपासून कुठल्याही बँकेत, कुठल्याही शाखेत घेता येतं. त्यासाठी ठरावीक बँक धरून बसायचं कारण नाही.

कृष्णाकाठचा – १६ नोव्हेंबर

दिवाळी संपल्यावर परत सांगलीला जाऊन आलो. हा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. चहाबिस्कीट यांचा प्रतिसाद वाचताना ते उठून गॅलरीत गेले. परत आले आणि म्हणाले, "म्हणजे बँकेवर अविश्वास दाखवायचा?" मी म्हटलं, "अविश्वास कसला, ५ लाखांपर्यंत पूर्ण विश्वास आहे." त्यावर आई हसली, बाबा नाही हसले.

तीन तास चर्चा करून असं ठरलं. सरकारी बँकेत नवीन खातं, आई-बाबांचं संयुक्त, दोघांपैकी कोणीही चालवेल असं. पेन्शन, वीजबिल, मेडिक्लेमचा हप्ता, गॅस सगळं तिकडे. ज्येष्ठ नागरिक योजनेत २२ लाख. वर सहा महिन्यांचा खर्च नवीन बचत खात्यात. जुन्या बँकेत बाबांची एक एफडी आणि लॉकर राहील.

पण नंतर बाबा जुन्या बँकेत गेले तर मॅनेजरांनी चहा मागवला आणि म्हणाले, "साहेब, आणखी एक एफडी वहिनींचं नाव पहिलं आणि तुमचं दुसरं, अशी करा. नावांचा क्रम बदलला की विमा वेगळा." हे खरं आहे का? की पैसे जाऊ नयेत म्हणून?

जमाखर्च

दोन्ही. पण खरं आहे. बाबांच्या एकट्याच्या नावची एक, बाबा-आई अशी दुसरी, आई-बाबा अशी तिसरी. हक्क आणि क्रम वेगळा म्हणून प्रत्येकीला वेगळे ५ लाख. तुमचे मॅनेजर कामाचे आहेत. असा माणूस सरकारी शाखेत मिळणार नाही, हे बाबांचं म्हणणं मी मान्य करतो.

नामनिर्देशन आताच करून घ्या. १ नोव्हेंबरपासून ठेवींना चार जणांपर्यंत नावं लावता येतात, टक्केवारीसकट.

पासबुक

आईंचं नाव पहिलं म्हणजे टीडीएस आईंच्या पॅनवर कापला जाणार. पण पैसे मुळात बाबांचे, त्यामुळे व्याज बाबांच्याच उत्पन्नात धरायचं. रिटर्न भरताना गोंधळ होतो, आधीच सीएंना सांगा.

कृष्णाकाठचा

सांगतो. आता बाबा म्हणतायत की मग तिसऱ्या क्रमाचीही करू. मी म्हटलं, "तेवढे पैसे उरले नाहीत." "मग त्या सरकारी योजनेतले काढू थोडे," म्हणाले.

उंडगा

😀 मॅनेजर जिंकला.